पावती छापली, नोंद मात्र शून्य: मॅप केलेली फाइल डिस्कवर नेमकी कधी पोचते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर लिनक्सचं छोटं यंत्र बसवलंय, त्याला दोन वजनकाटे जोडलेत. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन घटक), दर, रक्कम अशी प्रत्येक नोंद ६४ बाइटची. फाइलचं पहिलं पेज (मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा) हेडरचं, त्यात एकूण नोंदींचा आकडा. नोंदी पुढच्या पेजपासून. फाइल एफट्रंकेटने (लांबी बदलणारा कॉल) मोठी करून एममॅपने (फाइल मेमरीच्या पत्त्यांना जोडणारा कॉल) मॅप_शेअर्ड जोडलीय, म्हणजे मेमरीत लिहिलेलं फाइलमध्ये जातं. नोंद लिहायची, आकडा एकने वाढवायचा, एमएस_असिंक ('थांबू नकोस') देऊन एमसिंक (बदल डिस्कवर पाठवायला सांगणारा कॉल) बोलवायचा आणि पावती छापायची, असा क्रम. सकाळच्या संकलनात लाईट गेली. यंत्र परत चालू केल्यावर हेडर सांगतं १३२ नोंदी झाल्या, पण १२९ ते १३२ या चारही जागी नुसती शून्यं. चार सभासदांच्या हातात मात्र छापील पावत्या आहेत. मग एमएस_सिंक ('पोचेपर्यंत थांब') लावून बघितलं, तर मध्येच रांग थांबायला लागली. चुकतंय कुठे, आणि करायचं काय?

शेवटची शाबूत नोंद १२८ वी, आधी त्या आकड्याकडे बघा. पेज ४,०९६ बाइटचं आणि नोंद ६४ बाइटची, म्हणजे एका पेजात बरोबर ६४ नोंदी बसतात. १ ते ६४ एका पेजात, ६५ ते १२८ दुसऱ्यात, १२९ पासून कोरं पेज. चार नोंदी इकडच्या-तिकडच्या गेलेल्या नाहीत, ते आख्खं नवं पेजच डिस्कवरून गायब आहे. आणि हेडरचं पेज मात्र ताजं आहे. आकडा नोंदीच्या नंतर वाढवला होता, तरी तो आधी पोचला. दुखणं नेमकं इथे आहे, एमसिंक कमी वेळा बोलावला म्हणून हे झालेलं नाही.

मॅप केलेल्या पत्त्यावर तुम्ही काही लिहिता तेव्हा ते कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पेज कॅशमधल्या, म्हणजे रॅममधल्या पेजवर लिहिलं जातं, डिस्कवर नाही. स्वच्छ पेज कर्नेलने लिहायला बंद करून ठेवलेलं असतं. त्यामुळे पहिल्या लिखाणाला पेज फॉल्ट होतो, म्हणजे काम अडून कर्नेलकडे जातं, कर्नेल ते पेज डर्टी (बदललेलं, पण डिस्कवर न गेलेलं) म्हणून नोंदवतो, लिहायची मुभा देतो आणि पुढची लिखाणं कुणाला न विचारता होत राहतात. एका बाइटसाठी डर्टी झालं काय किंवा चाळीस नोंदींसाठी झालं काय, डिस्कवर जाताना पूर्ण पेज जातं. ते जाणार कधी, हे ठरवणारे लिनक्सचे मूळ आकडे असे: राइटबॅकचा, म्हणजे डर्टी पेजं डिस्कवर लिहिणारा थ्रेड दर ५ सेकंदांनी जागा होतो (डर्टी_राइटबॅक_सेंटिसेक्स ५००) आणि डर्टी होऊन ३० सेकंद झालेला माल लिहायला घेतो (डर्टी_एक्स्पायर_सेंटिसेक्स ३०००). म्हणजे कुणी काहीच सांगितलं नाही तर अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त काळ तुमची नोंद फक्त रॅममध्ये असते. काटा मोकळा होऊन पुढचा सभासद येईपर्यंत जेमतेम पंधरावीस सेकंद लागत असतील आणि काटे दोन असतील, तर चार नोंदींचा हिशोब लागतो.

आता हेडर आधी कसं पोचलं ते. हेडरच्या पेजला डिस्कवर ब्लॉक आधीच मिळालेला होता, त्यामुळे नवा आकडा जागच्या जागी लिहिला गेला. १२९ व्या नोंदीचं पेज मात्र एफट्रंकेटने केलेल्या पोकळ भागात होतं. एफट्रंकेट फक्त फाइलची लांबी वाढवतो, ब्लॉक देत नाही. पेज डिस्कवर गेलं तरी 'फाइलचा हा भाग या ब्लॉकवर आहे' ही नोंद फाइलसिस्टिमच्या जर्नलमधून (बदलांच्या नोंदवहीतून) पक्की व्हावी लागते, आणि एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमचं जर्नल मूळ मांडणीत दर ५ सेकंदांनी कमिट होतं. त्या मधल्या सेकंदांत लाईट गेली, तर डेटा कुठल्यातरी ब्लॉकवर असूनही फाइल वाचणाऱ्याला तिथे पोकळीच दिसते, म्हणजे शून्यं. लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात.

यातून जी गोष्ट पक्की ध्यानात घ्यायची ती अशी. मॅप केलेल्या फाइलबाबत कर्नेलला तुम्ही 'एवढं तरी आत्ता पोचव' असं सांगू शकता. 'हे इतक्यात पोचवू नकोस' असं सांगायची सोय नाही. एमसिंक ही किमान हमी आहे, कुलूप नव्हे. एखादं पेज कर्नेल कधीही, कोणत्याही क्रमाने, तुमची नोंद अर्धी लिहून झालेली असतानाही डिस्कवर पाठवू शकतो. म्हणून 'आधी नोंद, मग आकडा' हा कोडमधला क्रम डिस्कवर टिकेल असं धरून फाइल आखली की आज ना उद्या हेच होणार.

एमएस_असिंकबद्दल एकदाच स्पष्ट सांगतो, कारण पुष्कळ कोडमध्ये तो श्रद्धेने लिहिलेला सापडतो. लिनक्स २.६.१९ पासून, म्हणजे २००६ च्या अखेरीपासून, तो काहीच करत नाही. डर्टी पेजांचा माग कर्नेल स्वतः ठेवायला लागला आणि त्या कॉलला काम उरलं नाही. तो पत्ता तपासतो आणि शून्य परत देतो. तुमच्या कोडमधून तो काढून टाकला असता तरी त्या सकाळी चारच नोंदी गेल्या असत्या.

एमएस_सिंक मात्र खरं काम करतो. दिलेल्या पट्ट्यातली डर्टी पेजं लिहितो, ती पोचेपर्यंत थांबतो, डेटा परत वाचायला लागणारी मेटाडेटा जर्नलमध्ये कमिट करवतो आणि डिस्कला तिची आतली कॅश रिकामी करायला सांगतो (हाच फ्लश). एफडेटासिंक हा कॉल पूर्ण फाइलसाठी करतो तेच, फक्त ठरावीक पट्ट्यापुरतं. त्याला दिलेला पत्ता पेजच्या सीमेवर असावा लागतो, नसला तर ईइनव्हॅल ('दिलेली माहिती चुकीची' ही चूक) मिळतो आणि काहीही लिहिलं जात नाही. परत आलेलं उत्तर न तपासणारा प्रोग्राम ही चूक वर्षानुवर्षं घेऊन फिरतो. नोंदीचा पत्ता जसाच्या तसा एमसिंकला दिला, तर चौसष्टातून फक्त एकदा, म्हणजे पेजच्या पहिल्या नोंदीलाच, तो यशस्वी होईल. तुमच्या मांडणीत हिशोब सोपा आहे: क्रमांकातून १ वजा करा, ६४ ने पूर्ण भागा, हेडरसाठी १ मिळवा, आला तो पेजचा क्रमांक. १२९ साठी ३, म्हणजे सुरुवातीपासून १२,२८८ वा बाइट. ६४ ने ४,०९६ ला पूर्ण भाग जातो म्हणून एकही नोंद दोन पेजांत विभागली जात नाही. नोंद ६० किंवा ७२ बाइटची ठेवली असती तर ही सोय गेली असती.

पेज ४ केबीचंच असतं असं कोडमध्ये गृहीत धरू नका, सिसकॉन्फ या कॉलला विचारा. रास्पबेरी पाय ५ च्या मूळ कर्नेलमध्ये पेज १६ केबीचं असतं, आणि अशी छोटी यंत्रं केंद्रांवर सर्रास दिसायला लागली आहेत.

रांग का थांबली?

एमएस_सिंकमध्ये वेळ खातो तो मुख्यतः डिस्कचा फ्लश. मॅपिंगचा पट्टा मोठा दिला म्हणून फारसा फरक पडत नाही, कारण कर्नेल डर्टी पेजंच शोधतो. फिरत्या ७,२०० आरपीएमच्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, आणि डेटा, जर्नल, कमिट असे टप्पे धरले की एका सिंकला काही फेरे सहज जातात. तरी ते सेकंदाच्या आत आहे. माणसाला दिसेल इतकी रांग थांबते तेव्हा कारण बहुधा दुसरंच असतं. त्याच डिस्कवर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग किंवा बॅकअप चालू असेल, तर एक्स्ट४ च्या ऑर्डर्ड पद्धतीत तुमच्या छोट्या फाइलच्या कमिटला त्याच ट्रान्झॅक्शनमधल्या इतर फाइलींचा डेटा लिहून होईपर्यंत थांबावं लागू शकतं. आणि एसडी कार्ड असेल तर ते स्वतःच्या आतली साफसफाई करताना शेकडो मिलिसेकंद गप्प बसतं, कधी त्याहूनही जास्त. कॅमेरा वेगळ्या डिस्कवर हलवा. नोंदींसाठी एसडी कार्ड वापरू नका. साधी साटा एसएसडीसुद्धा यात कितीतरी बरी.

दुसरा अडसर कमी लोकांच्या लक्षात येतो. सिंक झालं की कर्नेल ते पेज पुन्हा लिहायला बंद करतो, त्यामुळे पुढच्या नोंदीला पुन्हा फॉल्ट. त्या फॉल्टमध्ये फाइलची वेळ बदलायची म्हणून फाइलसिस्टिमला जर्नलमध्ये शिरावं लागतं, आणि तिथे कमिट चालू असेल तर वाट बघणं आलं. काही डिव्हाइसवर लिहिलं जात असलेलं पेज लिखाण संपेपर्यंत बदलूही देत नाहीत. परिणाम असा की एका काट्याचा थ्रेड सिंक करतोय आणि दुसऱ्या काट्याचा थ्रेड एका साध्या असाइनमेंटच्या ओळीवर अडकलाय. प्रोफाइलरमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) ती ओळ बघून माणूस चक्रावतो, कारण तिथे कुठलाच सिस्टिम कॉल नाही.

म्हणून सिंकसाठी वेगळा एकच थ्रेड ठेवा. दोन्ही काट्यांचे थ्रेड नोंद लिहून 'लिहिलेला शेवटचा क्रमांक' वाढवतात आणि थांबतात. सिंकचा थ्रेड लॉक घेऊन तो क्रमांक आधी वाचून घेतो, लॉक सोडतो, मागच्या सिंकनंतरच्या पहिल्या नोंदीच्या पेजपासून या क्रमांकाच्या पेजपर्यंत एमएस_सिंक करतो, आणि यश मिळालं तरच 'पक्का झालेला शेवटचा क्रमांक' तिथवर पुढे नेतो. मग त्या क्रमांकापर्यंतच्या सगळ्या पावत्या छापायच्या. क्रमांक एमसिंकच्या आधी वाचलेला हवा. नंतर वाचलात तर सिंक चालू असताना आलेली नोंद पक्की नसताना पक्की धरली जाईल, आणि ही चूक चाचणीत क्वचितच पकडली जाते. असं केल्यावर दोन नोंदी एकाच वेळी आल्या तरी फ्लश एकच लागतो. सभासदाची किटली रिकामी होऊन फॅटचा आकडा येईपर्यंत जो वेळ जातो त्यापुढे पन्नास मिलिसेकंद कुणाला जाणवणार नाहीत.

पावती सिंकनंतरच छापायची, यात तडजोड नको. सभासदाचं दहा दिवसांचं बिल त्या नोंदीवर निघतं. कागद हातात गेला की संस्थेने शब्द दिला, आणि त्या क्षणी नोंद रॅममध्ये नुसती तरंगत असता कामा नये.

फाइलची आखणी

हेडरमधला आकडा काढून टाका. तो असेल तर दोन पेजं एकमेकांशी जुळली पाहिजेत अशी अट तयार होते, आणि ती पाळून घेण्याचं साधन तुमच्याकडे नाही. त्याऐवजी प्रत्येक नोंद स्वतःची साक्ष देणारी करा: सुरुवातीला शून्य नसलेली ठरावीक खूण, मग क्रमांक, संकलनाची तारीख आणि वेळ, मग बाकीचा मजकूर, आणि पहिल्या ६० बाइटवर काढलेला सीआरसी (मजकूर बिघडला का ते ओळखायचा तपास-आकडा) शेवटच्या ४ बाइटमध्ये. सुरू होताना पहिल्या नोंदीपासून वाचत जा. जिथे खूण, क्रमांक किंवा सीआरसी जुळत नाही तिथे फाइल संपली. अर्धवट गेलेली नोंद, न पोचलेलं पेज, दोन्ही याच एका तपासणीत सापडतात. खूण शून्य नसलेली का हवी? शून्यापासून सुरू होणाऱ्या काही सीआरसी प्रकारांत सगळ्या शून्य बाइटचा सीआरसीही शून्यच येतो, मग कोरी जागा बिनचूक नोंद म्हणून खपते. आणि तारीख अशासाठी, की जुनी फाइल परत वापरली तर कालची १२९ वी नोंद आजची म्हणून उभी राहू नये.

दुरुस्ती करायची असेल, समजा लिटर चुकून भरलं, तर जुनी नोंद खोडू नका. कीर्दीत खाडाखोड चालत नाही, उलट नोंद टाकतात, तसंच इथे: त्या क्रमांकाचा संदर्भ देणारी दुरुस्तीची नवी नोंद शेवटी जोडा. जागच्या जागी बदलताना लाईट गेली तर जुनी आणि नवी अशा दोन्ही नोंदी हातच्या जातात, ते टळतं. शिवाय हिशोबनिसाला माग मिळतो.

फाइल आधीच पूर्ण आकाराची आणि खऱ्या शून्यांनी भरलेली ठेवा. एका संकलनाला २,०४८ नोंदी पुरे धरल्या तर ३२ पेजं, हेडर धरून ३३, म्हणजे १,३५,१६८ बाइट. ही शून्यं राइट या साध्या लिहिण्याच्या कॉलने लिहायची. पॉझिक्स_फॉलोकेट हा कॉल जागा राखतो, त्यामुळे ऐनवेळी डिस्क भरली ही अडचण टळते, पण एक्स्ट४ मध्ये ते ब्लॉक 'न लिहिलेले' अशा खुणेनेच राहतात. पहिल्या लिखाणाला ती खूण बदलावी लागते, म्हणजे पुन्हा जर्नल कमिट आलं. आधी शून्यं लिहून एफसिंक (फाइल मेटाडेटासकट डिस्कवर पोचवणारा कॉल) केलेलं असेल तर प्रत्येक नोंदीच्या सिंकला फक्त डेटा आणि एक फ्लश एवढंच उरतं. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर याचा उपयोग नाही, ते प्रत्येक वेळी नव्या जागी लिहितं.

नवी फाइल बनवायचा क्रम ठरलेला आहे: तात्पुरत्या नावाने उघडा, हेडर आणि शून्यं लिहा, एफसिंक करा, खऱ्या नावाने रिनेम करा, आणि मग ज्या डिरेक्टरीत ती आहे ती उघडून तिच्यावरही एफसिंक करा. शेवटची पायरी सर्रास गाळली जाते. फाइलचं नाव हा डिरेक्टरीचा डेटा आहे, फाइलचा नाही. ती गाळली आणि लगेच लाईट गेली तर आतल्या नोंदी सुरक्षित असूनही त्या नावाची फाइलच दिसेनाशी होऊ शकते.

आणखी काही खड्डे, भराभर. मॅप_शेअर्डऐवजी मॅप_प्रायव्हेट दिलात तर बदल फाइलपर्यंत कधीच जात नाहीत, हजार वेळा एमसिंक केला तरी. फाइलची लांबी पेजच्या पटीत नसेल तर शेवटच्या पेजातल्या फाइलबाहेरच्या भागात लिहिलेलं निमूटपणे हरवतं. पूर्ण फाइलबाहेरच्या पेजला हात लावला, किंवा दुसऱ्या कुणी, समजा लॉग कापणाऱ्या स्क्रिप्टने, फाइल लहान केली, तर सिगबस हा कर्नेलचा इशारा येऊन प्रोग्राम मरतो. पोकळ फाइलवर डिस्क भरली तरी सिगबसच, कारण असाइनमेंटच्या ओळीला 'जागा नाही' असं परत सांगता येत नाही. एमअनमॅप (मॅपिंग सोडणारा कॉल) आणि क्लोज सिंक करत नाहीत. आणि संस्थेची फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोन यंत्रांनी ती मॅप करायची, हे तर करूच नका. प्रत्येक यंत्राची पेज कॅश वेगळी असते.

डर्टी_एक्स्पायर_सेंटिसेक्स कमी करून भागवण्याचा सल्लाही मिळतो. त्याने धोक्याची खिडकी लहान होते, बंद होत नाही, आणि पावतीचा प्रश्न तसाच राहतो.

सिंकच फसला तर

एमसिंकने ईआयओ ('लिहिता-वाचता आलं नाही' ही चूक) दिला तर पुन्हा प्रयत्न करायचा मोह होतो. करू नका. लिखाण फसल्यावर लिनक्समधल्या अनेक फाइलसिस्टिम ते पेज स्वच्छ म्हणून नोंदवतात. दुसऱ्या कॉलला लिहायचंच काही उरत नाही, तो यश सांगतो, आणि डिस्कवर काहीच नसतं. २०१८ मध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस करणाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट आली आणि तिच्यावर मोठी चर्चा झाली. त्यानंतर पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न न करता सर्व्हर मुद्दाम पाडतं आणि लॉगवरून डेटा परत उभा करतं. तुमच्याकडे वेगळा लॉग नाही, म्हणून इथे उपाय असा: चूक येताच पावत्या थांबवा, मॅपिंगमध्ये अजून ताज्या असलेल्या सगळ्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर नव्या फाइलमध्ये लिहा, तिचं एफसिंक यशस्वी झालं की मग पुढे जा, आणि पडद्यावर ठळक अक्षरांत सांगा की डिस्क बदलायची आहे.

डिस्क फ्लशचा मान राखते का, हेही बघा. सिस फाइलसिस्टिममध्ये त्या डिस्कच्या क्यू फोल्डरात राइट_कॅश नावाची फाइल असते. तिथे 'राइट बॅक' दिसलं तर डिस्कला स्वतःची कॅश आहे आणि कर्नेल तिला फ्लश पाठवतो, हे ठीक. एक्स्ट४ बॅरिअर=० ने (फ्लश बंद करणारा पर्याय) माउंट केलेली नसावी. काही स्वस्त यूएसबी जोडण्या फ्लश डिस्कपर्यंत पोचवत नाहीत. तिथे कोड कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही. छोटा यूपीएस जरूर लावा. गगनबावडा, राधानगरीच्या बाजूला पावसाळ्यात लाईट दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नसतो. पण यूपीएसची बॅटरी म्हातारी होते, कुणीतरी प्लग उपटतो, कर्नेलही क्वचित कोसळतो. यूपीएस सिंकची जागा घेत नाही.

सॉफ्टवेअर विंडोजवरही द्यायचं असेल तर तिथे फ्लशव्ह्यूऑफफाइल एकट्याने पुरत नाही. तो पेजं लिहायला लावतो, पण डिस्कच्या कॅशमधून उतरेपर्यंत थांबत नाही. त्याच्यामागे फ्लशफाइलबफर्स हवाच, आणि त्यासाठी फाइलचं हँडल उघडं ठेवावं लागतं. मॅकवर साधा एफसिंक डिस्कच्या कॅशपर्यंत पोचत नाही, एफसीएनटीएलमधून एफ_फुलएफसिंक द्यावा लागतो. जावात मॅप्डबाइटबफरचा फोर्स आणि पायथनमध्ये एममॅपचा फ्लश लिनक्सवर शेवटी एमएस_सिंकच करतात. पायथनच्या फ्लशला सुरुवात आणि लांबी देताना सुरुवात पेजच्या पटीतच लागते.

आता माझं मत. एवढ्या कामाला लिहिण्यासाठी एममॅप हवाच असं मला वाटत नाही. एका सकाळी तीनशे सभासद म्हणजे १९,२०० बाइट, पाच पेजंसुद्धा भरत नाहीत. वेगाचा फायदा इथे शून्य आहे. नोंद पीराइटने (फाइलमधल्या सांगितलेल्या जागी लिहिणारा कॉल) ठरलेल्या जागी लिहा, एफडेटासिंक करा, पावती छापा. पीराइट करेपर्यंत ती नोंद तुमच्या प्रोग्रामच्या मेमरीतच असते, म्हणजे जी 'इतक्यात नको' ची सोय मॅपिंगमध्ये नव्हती ती इथे आपोआप मिळते. चूक आली तर ती परत आलेल्या आकड्यात दिसते, सिगबसमध्ये नाही. बेरजा, सभासदाचा मागचा हिशोब, अहवाल यांच्यासाठी तीच फाइल फक्त वाचण्यापुरती मॅप करा. लिनक्सवर पीराइट आणि मॅपिंग एकाच पेज कॅशमधून चालतात, त्यामुळे लिहिलेलं मॅपिंगमध्ये लगेच दिसतं. शिवाय भरकटलेला पॉइंटर फाइल बिघडवू शकत नाही. एलएमडीबी हा डेटाबेस मूळ मांडणीत हेच करतो. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्येही मॅपिंग चालू केलं तरी बदल मॅपिंगमध्ये थेट केला जात नाही, पेजची वेगळी प्रत काढून तिच्यात केला जातो. मोंगोडीबी या डेटाबेसचं जुनं इंजिन मॅपिंगमध्ये थेट लिहायचं. ते बाजूला पडत गेलं आणि ४.२ या आवृत्तीत पूर्ण काढून टाकलं. मॅपिंगमध्ये लिहिणं शोभतं ते तिथे, जिथे डेटा मोठा आहे, बदल विखुरलेले आहेत आणि गेलेला डेटा पुन्हा बनवता येतो, जसं इंडेक्स किंवा कॅश. दुधाची नोंद पुन्हा बनवता येत नाही, दूध टँकरमध्ये गेलेलं असतं.

बदल केल्यावर तपासणी नीट करा. किल -९ ने प्रोग्राम मारून सगळ्या नोंदी शाबूत दिसल्या, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. प्रोग्राम मेला तरी पेज कॅश कर्नेलकडे राहते आणि नंतर डिस्कवर जाते. सिसआरक्यू ट्रिगर फाइलमध्ये 'बी' हे अक्षर लिहिलं की यंत्र सिंक न करता ताबडतोब रीबूट होतं, त्याने कर्नेलपर्यंतची बाजू तपासली जाते. डिस्कची वीज मात्र तशीच राहते, म्हणून शेवटी खरा प्लग ओढावाच लागतो. सेकंदाला दहा खोट्या नोंदी टाकणारा प्रोग्राम चालवा, पक्क्या झालेल्या प्रत्येक नोंदीचा क्रमांक नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राला पाठवा, तिथे तो लिहून ठेवा, आणि मध्येच प्लग ओढा. निदान वीसतीस वेळा, वेगवेगळ्या क्षणी, त्यातल्या काही वेळा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग चालू ठेवून. एसट्रेसला (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) एमसिंक किंवा एफडेटासिंक या नावांवर वेळेसकट लावून ठेवलात तर सर्वात लांबलेला सिंक किती वेळ घेतो तेही कळेल.

दुसऱ्या यंत्रावर पोचलेल्या क्रमांकांपैकी एक जरी फाइलमध्ये सापडला नाही तर कोडमध्ये किंवा डिस्कमध्ये दोष आहे. उलट, फाइलमध्ये एखादी नोंद जास्त निघाली तर ते ठीकच: ती पक्की झाली आणि पावती छापायच्या आत लाईट गेली. पण त्याची सोय हवी. लाईट आल्यावर ऑपरेटरला वाटतं की नोंद झालीच नाही, आणि तो तेच दूध पुन्हा भरतो. म्हणून सुरू होताना दोन्ही काट्यांची शेवटची नोंद सभासदाच्या नावासकट पडद्यावर दाखवा आणि तिथेच 'दुबार पावती' चं बटण ठेवा.

हातातल्या फाइलचं म्हणाल तर तिच्यावर लिहू नका, आधी प्रत काढा. १२९ ते १३२ शून्यच राहू द्या. त्या चार पावत्या मागवून घ्या आणि त्यांच्यावरून नव्या क्रमांकांनी, 'पावतीवरून भरलेली' अशा शेऱ्यासह नोंदी जोडा.